मोजणीत न धरलेलं पाणी

सोमवार, ७ डिसेंबर १९३६. काम: धुण्याच्या शेडमध्ये तासागणिक किती गरम पाणी लागतं ते मोजणं. साधनं: रॉकेलचा रिकामा डबा, चुन्याचा खडा आणि शेडची भिंत.

हे काम माझ्या गळ्यात पडलं ते आदल्या शनिवारी. आमचा साखर कारखाना इंदापूर तालुक्यात, नीरेच्या कालव्याच्या अंगाला. आमचे यजमान तिथे वजनकाट्यावर कारकून, आणि मी फडकी धुण्याच्या शेडवर मुकादमीण. उसाचा रस तापवून त्यात चुना घातला की गाळ बसतो. तो गाळ जाड सुती फडक्यांतून दाबून वेगळा काढतात. थोड्या वेळात फडकी चिकट गाळानं गच्च होतात, मग ती उतरवून आमच्या शेडमध्ये टाकायची. गार पाण्यानं त्यांचं काही होत नाही. गाळात मेणासारखं काहीतरी असतं, ते कढत पाण्याशिवाय सुटत नाही. धुतलेली फडकी वेळेवर परत गेली नाहीत तर गाळणी थांबते, गाळणी थांबली की रस थांबतो, आणि मग सगळा कारखाना आमच्या शेडकडे बोट दाखवतो.

पाणी तापायचं दोन काहिलींत. गुळाच्या गुऱ्हाळावरच्या जुन्या काहिली कारखान्यानं कुठून तरी विकत आणल्या होत्या आणि शेडच्या मागच्या अंगाला चुलवणावर बसवल्या होत्या. चुलवणात रस काढलेल्या उसाची चिपाडं सारायला शेळगावची एक म्हातारी होती. तिला सगळा कारखाना आत्या म्हणायचा. काहिलीत दुसऱ्या कोणी डबा बुडवायचा नाही, हा तिचा नियम. आमच्या बायका भिंतीतल्या खिडकीपाशी डबा धरायच्या आणि आत्या पलीकडून ओतायची. तेवढ्या खिडकीतून जे दिसेल तेच मला दिसायचं. काहिलींच्या मागे काय चालतं ते बघायला मी कधी गेले नव्हते; फडकी सोडून जायची सोय नव्हती.

शनिवारी नवे इंजिनिअरसाहेब शेडमध्ये आले. वय तिशीच्या आसपास, डोक्याला टोपी, पायात बूट, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता वर पत्र्याकडे बघायची सवय.

"बाई, पुढच्या हंगामाला गाळणीचं आणखी एक यंत्र येतंय. फडकी वाढतील. या काहिली पुरायच्या नाहीत. बंद टाकी बसवू. टाकीच्या आत तांब्याच्या नळीचं वेटोळं, नळीतून बॉयलरची वाफ. पाणी तापेल, चुलवण नको, धूर नको."

"बसवा की. मला कशाला विचारता?"

"केवढी बसवू, ते तुमच्याकडून कळायला हवं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दिवसभरात एकूण किती पाणी लागतं यावर टाकी ठरत नाही. सगळ्यात गर्दीच्या तासाला किती लागतं, ते आधी पाहिजे. घरी पाहुणे उतरले की बंबाचं जे होतं तेच टाकीचं होतं. पहिले चार जण कढत पाण्यानं अंघोळ करतात, पाचव्याला कोमट मिळतं, सहावा गार पाणी अंगावर घेऊन घरमालकाला मनात शिव्या देतो. बंब मोठा असेल तर सहाव्याचीही सोय होते. बंब लहान असेल तर जाळ तरी मोठा लागतो. टाकीचं पोट केवढं आणि वेटोळं किती लांब, ही दोन्ही उत्तरं त्या गर्दीच्या तासातून काढायची. शिवाय डिसेंबरातलं कालव्याचं पाणी किती गार असतं, फडक्याला किती कढत लागतं, हेही धरायचं. टाकी कमी पडली तर फडकी अडणार. जास्त झाली तर वाफ फुकट जाणार, आणि वाफ गेली की गिरणीचं चाक मंदावणार.

एवढं सगळं मला कळलं. मला काळजी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. आदल्या हंगामात ऑफिसातून एक जण पोती शिवणाऱ्या बायकांपाशी बसून टाके मोजत होता. हंगाम अर्धा सरायच्या आत त्यातल्या निम्म्या बायका घरी बसल्या.

मी विचारलं, "पाणी मोजून झालं की बायका मोजणार का?"

साहेबांनी पहिल्यांदा पत्र्यावरून नजर खाली आणली. "बायका मोजायचं काम माझ्याकडे नाही."

"कोणाकडे आहे?"

"ते मला माहीत नाही, बाई. मी शुक्रवारी बारामतीला जातो. तिथून टाकीची मागणी मुंबईला रवाना करायची आहे. तोवर आकडे द्या."

सरळ उत्तर देणाऱ्या माणसाचाही मला संशय येतो. संध्याकाळी यजमानांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "तुला सगळ्यांचाच संशय येतो."

"काट्यावर बसून तुम्हाला येत नाही, म्हणून तुमच्या वाटचाही मला घ्यावा लागतो," मी म्हटलं. ते जेवायला लागले.

तर सोमवारी मोजणी सुरू झाली. खिडकीतून डबा आत आला की भिंतीवर चुन्याची एक रेघ. फाटकावर तासाचा टोल पडला, की जरा जागा सोडून पुढच्या रेघा. गर्दीचा तास कुठला हे मला आधीच ठाऊक होतं. सकाळची पाळी लागली की रात्रीची साठलेली फडकी एकदम अंगावर येतात. सोमवारी तसंच झालं, मंगळवारीही तसंच. रेघा कशा दाट पडत गेल्या आणि मग कशा विरळ झाल्या, ते भिंतीकडे बघितल्याबरोबर कोणालाही कळलं असतं. इंजिनिअरसाहेब एकदा येऊन बघून गेले आणि "छान" म्हणाले.

मला ते छान वाटेना.

गर्दी ओसरल्यावरही दुपारच्या आत काहिली एकदा पुन्हा भराव्या लागतात, ही माझी सवयीची गोष्ट होती. आत्या खिडकीतून ओरडायची, "आक्का, पाणी सोडाया सांगा!" आणि मी पंपावर निरोप धाडायची. दोन-तीन हंगाम तो निरोप चुकला नव्हता. सोमवारी तो आलाच नाही. मंगळवारी आला नाही. बुधवारी मी मान वाकडी करून खिडकीतून बघितलं तर दुपार झाली तरी एक काहील अर्धी भरलेली. फडकी तेवढीच, बायका त्याच, मग पाणी उरतं कसं?

पहिला संशय बायकांवर. मोजणी चालू आहे म्हणून जपून वापरत असतील. कमी पाण्यात काम करणारी बाई ऑफिसला आवडेल, असं एखादीच्या डोक्यात आलं की बाकीच्या तिच्यामागून जाणार.

"काय गं, साहेबाला दाखवायला पाणी जपताय का?"

धुण्याच्या दगडावरच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यातली तोंडाळ होती ती म्हणाली, "आक्का, जपून वापरलं तर फडकं निघतंय व्हय? निघत असंल तर आमाला बी शिकवा. घरची धुणी तशीच करतो."

मी एक फडकं उचलून उजेडात धरलं. नखानं खरवडलं, वास घेतला. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. सगळी साफ. कमी पाण्यात धुतलेलं फडकं वाळल्यावर पत्र्यासारखं ताठ होतं. वाळत घातलेली मी एकेक करून दुमडून बघितली, सगळी मऊ होती.

"झाली का झडती?" ती म्हणाली. "लुगड्याचा पदर बी बघा. एखादा डबा लपवला असंल."

तेव्हा बायका खऱ्या होत्या. आकडेही खरे होते, फडक्यांना एवढंच पाणी लागत होतं. म्हणजे इतके दिवस जे जास्तीचं लागत होतं ते फडक्यांना लागत नव्हतं. ते दुसरीकडे कुठे तरी जात होतं, आणि नेमकं मोजणीच्या आठवड्यात ते जायचं थांबलं होतं.

मी खिडकीशी गेले. "आत्या, पाणी उरतंय."

"थंडी हाय न्हवं," आत्या चिपाडं सारता सारता म्हणाली. "थंडीत पाणी आटत न्हाय."

चुलवणावरच्या काहिलीतलं पाणी थंडीत आटत नाही, हे ज्ञान मला नवीन होतं. मी नुसतं "बरं" म्हटलं. खोटं बोलणाऱ्याला लगेच पकडलं की तो दुसरं खोटं बोलतो आणि आपलं काम वाढतं.

दुसरा संशय फाटकाबाहेरच्या चहावाल्यावर. ट्रकवाले, गाडीवान, पाळी सुटलेले गडी, सगळे त्याच्याकडे. आणि जळण महाग. तापलेलं पाणी आयतं मिळालं तर त्याचं निम्मं काम झालं. घरी जाता जाता मी त्याच्या दुकानासमोर उभी राहिले.

"आमच्या काहिलीतलं पाणी घेता का तुम्ही?"

तो कपबशा विसळत होता. "तुमच्या काहिलीतल्या पाण्याचा चहा केला, आक्का, तर गिऱ्हाईक माझ्याच तोंडावर थुकंल. चिपाडाच्या धुराचा वास हाय त्याला."

"वास आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

त्यानं हात थांबवला आणि बाकावर बसलेल्या गाडीवानाकडे बघितलं. "ऐका तात्या! हिला नवरा कसा नांदवतो हो?"

"तो नांदतोय," तात्या म्हणाला. "नांदवती हीच."

चहावाला खोटं बोलत नव्हता. त्याच्या चुलीवर हंडा चढलेला होता, आणि तो कालवाकाठच्या गढूळ पाण्याचा होता. आमच्या काहिलीतलं पाणी पंपावरच्या हौदातून निवळून येतं. गाळ मला ओळखता येतो. माझा धंदाच तो आहे.

गुरुवारी सकाळची गर्दी संपवून मी पहिल्यांदा शेडला वळसा घालून काहिलींच्या मागे गेले. आत्या जेवायला बसली होती, भाकरीवर पिठलं. मला बघून तिचा घास हातातच राहिला. मी तिच्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघितलं.

मागे सगळी राख आणि कोरडा फुफाटा. डिसेंबरात आमच्याकडे कालव्याच्या पाण्याखालचा ऊस सोडला तर हिरवं काही नसतं. आणि त्या फुफाट्यातून चुलवणापासून थेट पलीकडच्या कोप्यांपर्यंत हरळीची एक हिरवीगार पट्टी गेलेली. एका माणसानं चालावं एवढी रुंद. मध्ये पायवाट, दोन्ही बाजूंना हरळी. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चाललं की पाणी हिंदकळतं आणि दोन्ही अंगांना सांडतं. ते एका दिवसाचं सांडणं नव्हतं, दोन-तीन हंगामांचं होतं. पण पायवाटेवरची माती बोटानं दाबून बघितली तर आता कोरडी, वर धूळ बसलेली. चार दिवसांत तिकडून कोणी भरला हंडा नेला नव्हता.

कोप्या म्हणजे ऊस तोडायला आणि गिरणीवर राबायला बाहेरून आलेल्या लोकांच्या पाचटाच्या झोपड्या. मी हरळीवरून चालत गेले. शेवटच्या कोपीमागे दोन पत्रे उभे करून न्हाणी केली होती. तिथे एक सासूबाई पाय पसरून बसली होती आणि नडग्यांवर पालथं घातलेलं दहा-बारा दिवसांचं पोर. शेजारी पाण्याचं एक लहानसं पातेलं. पोर निळंजांभळं पडून ओरडत होतं. सून आत शेकशेगडीपाशी घोंगडं पांघरून बसली होती, अंगाला तेल चोपडलेलं. ते तेल ताजं नव्हतं; त्यावर राखेचे कण बसलेले दारातूनसुद्धा दिसत होते.

सासूनं मला ओळखलं आणि पोर छातीशी घेतलं.

"आमी पाणी न्हेत न्हाय, आक्का!" मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली. "देवाशपथ. इचारा आत्याला. चार दिस झालं, थेंब न्हेला न्हाय."

"चार दिवसांपूर्वी?"

आतून सून म्हणाली, "सांगा की आता. कळलंयच त्येंना."

मग सासूनं सांगितलं. कोप्यांत कोणी बाळंत झाली की काहिलीवरून पाणी यायचं. बाळंतिणीच्या पाठीवर, कमरेवर कढत पाण्याच्या धारा ओतायच्या तर हंडाभर पाणी म्हणजे काहीच नाही, दोन-तीन हंडे लागतात, आणि पोराचं वेगळं. कोप्या पाचटाच्या असल्यामुळे भाकरीपुरती चूल सोडून दुसरा जाळ करायला कारखान्याची बंदी. आदल्या हंगामात एक कोपी पेटली होती. यंदा आत्ता कोप्यांत तीन बाळंतिणी होत्या. एक हिची सून, एक नरसिंहपूरकडची, एकीचं नुकतंच झालेलं. आत्या शेडमधली गर्दी ओसरली की मागून हंडे भरून द्यायची.

"मग थांबवलं का?"

"साहेब पाणी मोजतोय म्हणली. त्याच्या नजरंला पडलं तर कायमचं बंद हुईल. म्हणली, मोजणी सरूस्तवर थांबा, मग पयल्यासारखं."

मी परत चुलवणाकडे आले. आत्यानं भाकरी बांधून ठेवली होती.

"मोजणी झाली की परत देणार होतीस?"

"व्हय." तिनं डोळे खाली केले नाहीत. "चोरी म्हणायची तर म्हणा. जाळ माझा, पाणी कालव्याचं. साहेबाच्या मोजणीत आलं असतं तर तुमच्याच डोक्यावर बसलं असतं, आक्का, शेड लई पाणी खाती म्हणून."

"आणि टाकी आल्यावर कुठून देणार होतीस?"

"टाकीतनं."

"टाकी बंद असते. ती इथे मागे राहणार नाही, शेडच्या आत बसणार. वर झाकण, खाली तोटी, तोटी शेडमध्ये. मागे खिडकी राहणार नाही, काहील राहणार नाही. आणि ती टाकी चार दिवसांच्या आकड्यांवर बेतलेली. या चार दिवसांत बाळंतिणी नाहीतच."

आत्यानं चुलवणात बघितलं. चिपाडं जळून खाली बसत होती, तरी तिनं नवी सारली नाहीत.

"मंजी आता आमीच त्येंचं पाणी तोडलं."

"उद्या सकाळी मागणी जाते. त्याच्या आत काय ते बोलू."

"माझी काळजी करू नगा," ती म्हणाली. "मी हंगाम सरला की शेळगावला लेकाकडं जाणार. जाळ घालून डोळं गेलं. पण पुढल्या साली बी पोरी बाळंत हुतीलच की हितं."

संध्याकाळी मी इंजिनिअरसाहेबांच्या ऑफिसात गेले. टेबलावर टाकीचं चित्र, कडेनं बारीक आकडे. मी उभ्यानंच सांगितलं, "आकड्यांत पाणी कमी धरलंय."

"तुमच्याच रेघा आहेत, बाई."

"रेघा बरोबर आहेत. पाणी लपवलं होतं." आणि सगळं सांगितलं. मध्ये गहिवर वगैरे काही आणला नाही. तीन बाळंतिणी, एवढे हंडे, जाळाची बंदी, आणि ज्यांचं पोर हगवणीनं किंवा सर्दीनं गेलं ते लोक पुढच्या हंगामाला कारखान्यावर येत नाहीत, हे चौथं.

त्यांनी पेन्सील खाली ठेवली. आता संशय घ्यायची पाळी त्यांची होती. "हे पाणी बाळंतिणींनाच जातं कशावरून? सगळ्या कोप्या अंघोळी करत असतील."

"म्हातारी सांगते."

"म्हातारी सोमवारपासून तुम्हाला काय सांगत होती?"

मला तो माणूस त्या क्षणी जरा बरा वाटला.

"आणि केव्हा नेतात? मला तेवढं पाहिजे," ते म्हणाले. "तुमच्या गर्दीच्या तासाला नेत असतील तर टाकी मोठी करावी लागेल. मोठी टाकी मागितली की मॅनेजरसाहेब कारण विचारणार, आणि हे कारण ऐकून ते टाकीच नको म्हणतील. पण गर्दी ओसरल्यावर नेत असतील तर टाकी आहे तेवढीच पुरते. तोवर वेटोळ्यानं पाणी पुन्हा तापवलेलं असतं आणि ते पुढच्या पाळीपर्यंत नुसतंच पडून राहतं. मग वाढवायची ती फक्त एक तोटी. एका तोटीचं कारण कोणी विचारत नाही."

"गर्दी ओसरल्यावरच नेतात."

"मला बघायचंय. उद्या मोटार सुटायच्या आत. एरवी जसं नेतात तसं नेऊ द्या. मी रेघा ओढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी लागली, फडकी आली, खिडकीपाशी डबे खणखणले. मी आतल्या भिंतीवर नेहमीसारख्या रेघा ओढल्या. रेघा विरळ व्हायला लागल्या तशी खडा ठेवून मागे गेले. इंजिनिअरसाहेब बूट राखेत रोवून उभे होते, हातात चुन्याचा दुसरा खडा. दूर रस्त्यावर मोटार उभी होती आणि ड्रायव्हर अधूनमधून भोंगा वाजवत होता. आत्या काहिलीपाशी डबा धरून तयार.

कोप्यांकडून कोणी येईना.

आत्यानं दोनदा हाक मारली. कोप्यांच्या तोंडाशी बायका दिसत होत्या, हंडे कमरेवर घेतलेल्या, पण हरळीवर एकीचंही पाऊल पडेना. टोपीवाला साहेब काहिलीपाशी उभा, हातात खडा, शेजारी मुकादमीण. त्यांच्या जागी मी असते तरी आले नसते.

"येणार आहेत का?" साहेबांनी घड्याळ बघितलं.

मी आत जाऊन शेडमधला हंडा आणला. आत्यापुढे धरला. "ओत."

"आक्का, तुमी?"

"ओत म्हटलं ना."

तिनं ओतलं. पदराची चुंबळ करून मी हंडा डोक्यावर घेतला आणि साहेबांना म्हटलं, "ओढा रेघ." त्यांनी बाहेरच्या भिंतीवर एक रेघ ओढली. मी हरळीवरून निघाले. बऱ्याच वर्षांनी डोक्यावर हंडा घेतला होता. पाणी दोन्ही खांद्यांवर सांडलं आणि चांगलंच पोळलं. शेवटच्या कोपीमागे पत्र्यांपाशी हंडा उतरवला. सासूबाई उभीच होती.

"तो धरायला आलाय का?" तिनं हळूच विचारलं.

"मोजायला आलाय. मोजलं तरच पुढच्या साली मिळेल. न मोजलेलं मिळणार नाही."

"तुमचा भरवसा हाय त्येच्यावर?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणूनच मी तिथं उभी राहणार आहे. चल."

ती चालली. तिच्यामागून नरसिंहपूरकडच्या बाळंतिणीची आई, मग तिसरीची जाऊ. तीन घरांखेरीज दुसरं कोणी आलं नाही. मी कोप्यांकडे लक्ष ठेवून होते आणि साहेबही होते. हंडे भरले, रेघा पडल्या, बायका मागेपुढे चालत राहिल्या. पायवाटेची धूळ भिजून काळी झाली. आतल्या खिडकीतून तेवढ्या वेळात फडक्यांसाठी एखाददुसराच डबा मागितला गेला, आणि तोंडाळ होती ती खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "सायेब, आमच्या बी रेघा ओढा की. का बाळंत हुया आमी पण?" साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी रेघा पुन्हा एकदा मोजल्या.

"गर्दीनंतरच आहे," ते म्हणाले. "टाकी तीच पुरेल. मागच्या भिंतीला एक तोटी घालतो." आणि ते मोटारीकडे निघाले.

"कागदावर घाला," मी म्हटलं. "इथे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिशातून चित्राची घडी काढली, भिंतीवर पसरून धरली आणि पेन्सिलीनं मागच्या अंगाला एक तोटी काढली. शेजारी इंग्रजीत काहीतरी लिहिलं. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मी ते त्यांच्याकडून मराठीत वाचून घेतलं, आणि आत्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग मोटार गेली.

तोटी बसवायला येणारा माणूस ती कुठेही बसवणार, हे मला दिसत होतं. फार खाली बसवली तर तिच्याखाली हंडा मावणार नाही, वर बसवली तर पोळेल. मी सासूबाईला हंडा भिंतीशी टेकवून ठेवायला सांगितला, त्याच्या तोंडावर चार बोटं जागा सोडली आणि तिथे चुन्यानं ठळक फुली काढली. खडा आत्याकडे दिला, ती जायच्या आत पुसट झाली तर परत काढायला. मग शेडमध्ये जाऊन फडकी पाठवली. पाच कमी भरली, ती दगडामागे पडली होती.